शंभर गुणांचे मांजर

घोड्याची परीक्षा त्याच्या धावेवर होते, बैलाची त्याच्या ओढीवर आणि शिकारी कुत्र्याची त्याच्या नाकावर. मांजराने मात्र हजारो वर्षे माणसाच्या आश्रयास राहूनही आपले एकमेव उपयुक्त कौशल्य, म्हणजे उंदीर मारण्याचे, चारचौघांत हुकमासरशी करून दाखवण्याचे कधी पत्करलेले नाही. त्यामुळे मांजरांचे प्रदर्शन भरवून त्यांत पहिलेदुसरे लावावयाचे असे जेव्हा माणसाने मनात आणले, तेव्हा मोजावयाचे काय, हाच प्रश्न त्याच्यापुढे प्रथम उभा राहिला. वजन मोजावे तर ते खाण्यावर अवलंबून, चपळाई मोजावी तर ती पिंजऱ्यात दिसत नाही, आणि रूप मोजावे तर ज्याचे मांजर त्याला ते देखणे. या प्रश्नाचे उत्तर गेल्या दीडशे वर्षांत कसे सिद्ध होत गेले आणि कागदावर लिहिलेले ते उत्तर जिवंत मांजरांच्या हाडामांसात कसे उतरले, हा या प्रकरणाचा विषय आहे.

लंडनच्या दक्षिणेस सिडनहॅम येथे क्रिस्टल पॅलेस नावाचा काचेचा जो विशाल प्रासाद होता, त्यात १३ जुलै १८७१ रोजी भरलेले प्रदर्शन हे आधुनिक पद्धतीचे पहिले मार्जारप्रदर्शन मानले जाते. त्याचे प्रवर्तक हॅरिसन वीअर हे पशुपक्ष्यांची चित्रे काढण्यात नाव मिळवलेले चित्रकार होते. त्या काळच्या इंग्लंडात मांजराची गणना कोठारातील एका गरजेत, फार तर स्वयंपाकघरातील एका आश्रितात होत असे. तेव्हा ज्या प्राण्याला लोक हिडीसफिडीस करतात त्याला एकदा स्वच्छ, धष्टपुष्ट आणि समाधानी अवस्थेत त्यांच्या नजरेसमोर मांडावे, म्हणजे त्याच्याविषयीचा अनादर आपोआप ओसरेल, अशी वीअर यांची मनोमन श्रद्धा होती. प्रदर्शनाच्या दिवशी आगगाडीने सिडनहॅमकडे जाताना, एवढी अनोळखी मांजरे एका छताखाली आल्यावर काय हलकल्लोळ माजेल या चिंतेने त्यांना ग्रासले होते. प्रत्यक्षात आत पाऊल टाकले तो मांजरे आपापल्या पिंजऱ्यात किरमिजी गाद्यांवर निवांत पहुडलेली, मधूनच ताजे दूध चाटणारी आणि घुरघुरणारी दिसली, असे त्यांनी १८८९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. सुमारे १७० मांजरे त्या दिवशी आली होती. परीक्षक तिघे होते: स्वतः वीअर, त्यांचे बंधू जॉन जेनर वीअर आणि मॅकडोना नावाचे एक धर्मोपदेशक.

प्रवर्तकानेच परीक्षक व्हावे आणि जोडीला सख्ख्या भावाला बसवावे, ही व्यवस्था आज कोणत्याही संस्थेच्या नियमावलीत बसणार नाही. परंतु वीअर यांनी त्या प्रदर्शनासाठी एक गोष्ट अशी करून ठेवली की तिच्यावर पुढची सारी इमारत उभी राहिली. त्यांनी मांजरांचे वर्ग पाडले, प्रत्येक वर्गातील उत्तम मांजर कसे असावे याचे वर्णन लेखी केले, आणि डोके, डोळे, केस, रंग, बांधा, शेपूट व प्रकृती यांच्यात मिळून शंभर गुण वाटून दिले. यामुळे दोन मांजरांची एकमेकांशी तुलना करण्याचा मामला बाजूला पडून, प्रत्येक मांजराची तुलना प्रत्यक्षात कधीच जन्मास न आलेल्या एका आदर्श मांजराशी होऊ लागली. मार्जारपरीक्षेचे मर्म आजही हेच आहे, आणि प्रेक्षकाला सहसा उमगत नाही तेही हेच. पिंजऱ्यासमोर उभा असलेला प्रेक्षक डावीकडचे बरे की उजवीकडचे, असा विचार करीत असतो. परीक्षकाच्या मनात मात्र तिसरेच एक मांजर बसलेले असते.

पुढील इतिहास थोडक्यात सांगून भागेल. १८८७ साली इंग्लंडात नॅशनल कॅट क्लब स्थापन झाला आणि वीअर त्याचे पहिले अध्यक्ष झाले. परंतु सभासदांना मांजरांच्या कल्याणापेक्षा पदकांचीच ओढ अधिक आहे असे दिसून आल्यावर त्यांनी ते पद सोडले. १८९५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अमेरिकेतील पहिले मोठे प्रदर्शन भरले, आणि त्यात सर्वश्रेष्ठ ठरली ती कोझी नावाची तपकिरी पट्टेरी मेन कून जातीची मांजरी. तिला मिळालेला चांदीचा पट्टा आजही जपून ठेवलेला आहे. अमेरिकेत १९०६ साली कॅट फॅन्सिअर्स असोसिएशन ही संस्था निघाली, ब्रिटनमध्ये १९१० साली गव्हर्निंग कौन्सिल ऑफ द कॅट फॅन्सी स्थापन झाली, आणि युरोप खंडातील संघटना १९४९ पासून फिफे या नावाने एकत्र येऊ लागल्या. वंशावळीचे दप्तर ठेवणे, जातींना मान्यता देणे, परीक्षक तयार करणे आणि आदर्श वर्णनाचा मसुदा वेळोवेळी दुरुस्त करणे, हा सर्व कारभार या संस्थांकडे आहे.

या आदर्श वर्णनाला मानक म्हणतात, आणि त्यातील गुणांची वाटणी पाहिली म्हणजे कोणत्या जातीचा प्राण कशात मानला आहे ते लगेच ध्यानात येते. अमेरिकन संस्थेच्या मानकात पर्शियन मांजराच्या डोक्याला, त्यात डोळ्यांचा आकार आणि कानांची ठेवणही आली, ३० गुण आहेत. बांध्याला २०, रंगाला २०, केसांना १०, डोळ्यांच्या रंगाला १०, आणि समतोल व नजाकत यांना पाच-पाच. पर्शियन म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर त्याचा लांब झुपकेदार केशसंभार येतो. त्या केसांना शंभरांत केवळ दहा गुण असावेत याचे प्रथमदर्शनी आश्चर्य वाटते. सयामी मांजराच्या बाबतीत हिशोब अगदी निराळा आहे. तेथे डोक्याला २०, डोळ्यांच्या आकाराला व ठेवणीला १०, शरीराला ३० आणि रंगाला ३० गुण असून, शरीराच्या तिसांपैकी १० एकट्या स्नायूंच्या घट्टपणासाठी राखून ठेवलेले आहेत. सयामी सडपातळ असावे पण हाडे वर आलेले नसावे, हा त्याचा अर्थ.

सयामीच्या रंगाला एवढे महत्त्व का, हे कळण्यास थोडे शरीरशास्त्र पाहिले पाहिजे. या जातीत रंगद्रव्य तयार करणारे विकर उष्णतेत निकामी होते आणि थंडाव्यात काम करते. मातेच्या उदरात सर्वत्र सारखी ऊब असल्यामुळे पिल्ले जवळजवळ पांढरीशुभ्र जन्मतात. नंतर शरीराचे जे भाग तुलनेने थंड असतात, म्हणजे कान, मुखवटा, पाय आणि शेपूट, तेवढेच गडद होत जातात. वय वाढले किंवा मांजर थंड जागी राहिले की अंगाचाही रंग काळवंडतो, आणि गडद टोके व फिकट अंग यांतील जो विरोध मानकाला हवा असतो तो कमी होतो. म्हणून तरणेबांड असताना बक्षिसे मिळवणारे सयामी काही वर्षांनी, दुसरे कोणतेही व्यंग नसताना, मागे पडू शकते. याउलट पायाच्या बोटांवर पांढरा ठिपका असला किंवा शेपटीत दिसण्याजोगी मुरड असली तर ते मांजर सरळ बाद होते. मौज अशी की, सयामी मांजरे इंग्लंडात प्रथम आली तेव्हा मुरडलेली शेपटी आणि तिरळे डोळे ही दोन्ही लक्षणे त्यांच्यात सर्रास आढळत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने ती जवळजवळ नाहीशी करण्यात आली.

आता परीक्षकाच्या मेजाजवळ जाऊ. ब्रिटनमधील परंपरागत पद्धतीत सकाळी मांजर दाराशी आले की प्रथम पशुवैद्य त्याची तपासणी करतो. केसांत पिसवा, कानांत सूक्ष्म किडे, अंगावर गजकर्ण किंवा डोळ्यानाकातून पाणी, यांपैकी काहीही आढळले तर मांजराला आत प्रवेश नाही. आत सारे पिंजरे एकसारखे असतात. अंथरूण पांढरे, पाण्याचे भांडे पांढरे, मातीचे तबकही पांढरे, आणि मालकाचे नाव कोठेही नाही, केवळ क्रमांक. ठरलेल्या वेळी मालकांनी पिंजऱ्यांपासून दूर व्हावयाचे असते. नंतर परीक्षक आपल्या सहायकासह चाकांचे मेज ढकलीत पिंजऱ्यापिंजऱ्यापाशी जातो. अमुक एका धनिकाचे किंवा अमुक नामांकित पैदासकाराचे मांजर म्हणून त्याला झुकते माप मिळू नये, यासाठी केलेली ही तजवीज आहे, आणि जेथे प्रवर्तकच परीक्षक होता तेथून येथवर आलेला हा प्रवास मला या संस्थांच्या इतिहासातील सर्वांत अभिमानास्पद भाग वाटतो.

प्रत्येक मांजराला स्पर्श करण्यापूर्वी परीक्षक जंतुनाशकाने हात स्वच्छ करतो. सहायक मांजराला बाहेर काढून मेजावर ठेवतो. परीक्षक लगेच त्याच्यावर झडप घालीत नाही. मांजराला नव्या जागेची सवय होऊ देतो, त्याची नजर व उभे राहण्याची ढब पाहतो, आणि मग त्याचे हात बोलू लागतात. बाजूने चेहरा पाहताना तो बोटाचे टोक कपाळावरून नाकाच्या शेंड्यापर्यंत फिरवतो. सयामीत ही रेषा सरळ लागली पाहिजे, मध्ये खोलगट वा उंचवटा नको. हनुवटी वरच्या जबड्याशी जुळते की मागे जाते हे तो अंगठ्याने अजमावतो. शेपटी मुळापासून टोकापर्यंत बोटांच्या चिमटीतून सावकाश सोडतो, कारण डोळ्यांना न दिसणारी गाठ बोटांना लागते. ॲबिसिनियन मांजराचे केस उलटे फिरवून प्रत्येक केसावर फिकट आणि गडद पट्टे आळीपाळीने आहेत की नाहीत हे पाहिले जाते. मँक्स मांजराच्या पाठीवरून तळहात खाली नेला तर पाठीच्या कण्याच्या शेवटी शेपटीचा लवलेशही न लागता पोकळी लागावी, अशी अपेक्षा असते. बर्मीज मांजर उचलले की ते दिसते त्यापेक्षा जड भरले पाहिजे, आणि हे वजन कोणत्याही तराजूवर घातले जात नाही. बाजारातला जाणता व्यापारी मूठभर ज्वारी तळहातावर घेऊन दाण्याचा भरीवपणा ओळखतो, तशीच ही पारख वर्षानुवर्षांच्या स्पर्शाने हाताला आलेली असते.

म्हणूनच परीक्षक होणे हे काम पुस्तक पाठ करून साधत नाही. सहायक म्हणून दुसऱ्याच्या हाताखाली राबणे, स्वतः मांजरांची पैदास केलेली असणे, नंतर अनुभवी परीक्षकाच्या देखरेखीखाली उमेदवारी करून लेखी मते देणे आणि ती तपासून घेणे, अशा पायऱ्या चढत बरीच वर्षे जातात, आणि त्याही बहुधा एका जातीपासून किंवा एका गटापासून सुरू होतात.

शंभरांतले प्रत्येक अंग स्वतंत्रपणे मोजून बेरीज मांडली जाते अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी. आकडे हे परीक्षकाच्या मनात प्रमाण पक्के बसावे यासाठी आहेत. प्रत्यक्षात तो समग्र मांजर पाहतो आणि कोणत्या उणिवेला किती किंमत द्यावयाची एवढ्यापुरता त्या आकड्यांचा आधार घेतो. ब्रिटिश पद्धतीतील एक नियम येथे विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. आपल्या वर्गात पहिला क्रमांक मिळवणाऱ्या मांजराला अजिंक्यपदाकडे नेणारे प्रमाणपत्र मिळू शकते. पण ते मांजर मानकाच्या पुरेसे जवळ नाही असे परीक्षकाला वाटले, तर पहिला क्रमांक देऊनही प्रमाणपत्र रोखून ठेवण्याचा त्याला अधिकार आहे. अशी तीन प्रमाणपत्रे तीन वेगवेगळ्या परीक्षकांच्या हातून मिळाली म्हणजेच मांजर 'चँपियन' म्हणवले जाते. एका माणसाची आवड हा काही न्याय नव्हे, हे या नियमामागील शहाणपण आहे.

अमेरिकेत हेच काम खुलेपणाने चालते. मालक स्वतः मांजर आणून परीक्षकामागील पिंजऱ्यांच्या रांगेत ठेवतात. नरांच्या क्रमांकाची पाटी निळी, माद्यांची गुलाबी असते, आणि दोन बोके शेजारीशेजारी येऊन गुरगुरू नयेत अशा बेताने पिंजरे लावले जातात. परीक्षक प्रेक्षकांसमोर एकेक मांजर मेजावर घेतो, पीस बांधलेली काडी त्याच्यापुढे नाचवतो, त्याची मान कशी उंचावते आणि कान कसे ताठ होतात ते पाहतो, आणि निवाडा तोंडाने न सांगता पिंजऱ्यावर रंगीत फिती टांगून सांगतो: निळी पहिल्यासाठी, तांबडी दुसऱ्यासाठी, पिवळी तिसऱ्यासाठी, आणि जातीतील सर्वोत्तमासाठी तपकिरी. एकाच दिवशी एकाच सभागृहात अशी अनेक रिंगणे स्वतंत्रपणे चालू असतात, आणि एका रिंगणात शिरोमणी ठरलेले मांजर दुसऱ्यात रिकाम्या हाताने परतते. युरोपीय पद्धतीत परीक्षक प्रत्येक मांजरावर लेखी अभिप्राय देतो, आणि अंतिम निवडीच्या वेळी अनेक परीक्षक एकत्र बसून मते देतात. पद्धती तीन असल्या तरी काही नियम सर्वत्र सारखेच आहेत: चावणारे मांजर बाद, रंग चढवून किंवा पावडर लपवून सजवलेले मांजर बाद, आणि नखे आधी कापलेली हवीत.

येथवर जे सांगितले ते परीक्षेचे तंत्र झाले. त्याहून गंभीर बाब पुढेच आहे. ज्या मांजराला बक्षीस मिळते त्याच्या पिल्लांना मागणी येते. ज्याला मिळत नाही त्याचा वंश पैदासकार पुढे चालवीत नाही. त्यामुळे मेजावर दिलेला निवाडा त्या दिवसापुरता राहत नाही, तो पुढच्या पिढीच्या कवटीत आणि सांध्यांत जाऊन बसतो. मानकात 'नाक आखूड' असा शब्द असला की, आखूड नाकाला बक्षीस, त्याहून आखडल्याला त्याहून मोठे, अशी चढण सुरू होते, आणि थांबावे कोठे हे तो शब्द सांगत नाही.

पर्शियन मांजराचे उदाहरण यासाठी डोळ्यांत अंजन घालणारे आहे. वीअर यांच्या काळच्या चित्रांतील पर्शियन मांजराला चांगले दिसण्याजोगे नाक आहे. पुढे विसाव्या शतकात, विशेषतः अमेरिकेत, त्याचा चेहरा चपटा होत गेला. अमेरिकन मानकानुसार नाकाचा खळगा दोन्ही डोळ्यांच्या मधोमध यावा. ब्रिटिश संस्थेने मात्र एक मर्यादा घालून दिली: नाकाच्या टोकावरील उघड्या कातडीची वरची कड डोळ्याच्या खालच्या कडेपेक्षा वर असेल, तर त्या मांजराला पारितोषिक देऊ नये. जात एकच, नाव एकच, फरक काय तो एका वाक्याचा. पण त्या वाक्याच्या अल्याडपल्याड असलेल्या मांजरांच्या श्वासात अंतर पडते. अतिचपट्या चेहऱ्यात नाकाचा मार्ग अरुंद होतो, अश्रुनलिका वाकडी होऊन डोळ्यांतून सतत पाणी गळते, आणि दातांची रांग बिघडते. सयामीच्या बाबतीत हीच ओढ उलट दिशेने गेली. चेहरा लांबत आणि निमुळता होत गेला, इतका की ज्यांना जुना गोलसर चेहरा प्रिय होता त्यांनी तो वंश निराळा जोपासला, आणि त्याला थाई या नावाने स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळवली.

याहून कठोर उदाहरण स्कॉटिश फोल्डचे. १९६१ साली स्कॉटलंडमध्ये कूपर अँगसजवळील एका शेतावर पुढे दुमडलेल्या कानांची एक पांढरी मांजरी आढळली आणि तिच्यापासून ही जात निघाली. घुबडासारख्या त्या गोल चेहऱ्याने लोक मोहून गेले. परंतु कानाची कूर्चा ज्या जनुकामुळे दुमडते, तेच जनुक साऱ्या शरीरातील कूर्चा आणि हाडे बिघडवते. शेपटी ताठर होते, पाय जाडजूड होतात आणि चालताना वेदना होतात. १९७० च्या दशकात ब्रिटिश संस्थेने या मांजरांची नोंदणी बंद केली. त्याच दशकात, १९७८ साली, अमेरिकन संस्थेने त्यांना अजिंक्यपदाच्या स्पर्धेत प्रवेश दिला. एकाच प्राण्याविषयी दोन जाणत्या संस्थांनी दिलेले हे दोन निर्णय मी अनेकदा पडताळून पाहिले आहेत, आणि ब्रिटिश संस्थेचाच निर्णय बरोबर होता असे माझे स्पष्ट मत आहे. जे लक्षण हेच दुखणे आहे, त्याला गुण देण्याचा अधिकार कोणत्याही मानकाला असू नये.

याच प्रदर्शनांत एक वर्ग असा असतो की त्याला मानकच नाही. तो घरगुती मांजरांचा. वंशावळ नसलेली, कोणी रस्त्यावरून उचलून आणलेली, कोणी शेजाऱ्याकडून घेतलेली, पट्टेरी, त्रिरंगी, ठिपक्यांची अशी मांजरे तेथे येतात. प्रौढ मांजराची नसबंदी झालेली असावी, एवढी अट सामान्यतः असते. यांची तुलना कोणत्या कागदाशी करणार? तेव्हा परीक्षक प्रकृती पाहतो, स्वच्छता पाहतो, केसांची चकाकी, डोळ्यांतील तेज, हाताळताना मांजर किती निर्धास्त राहते हे पाहतो. थोडक्यात, त्या मांजराची घरी काळजी कशी घेतली जाते याचीच ती परीक्षा होते. १८७१ साली वीअर यांना लोकांपुढे जे मांडावयाचे होते ते या वर्गात जितके शुद्ध स्वरूपात दिसते तितके वंशावळीच्या दिमाखदार वर्गांत दिसत नाही. १९७९ साली स्थापन झालेल्या टिका या अमेरिकन संस्थेने घरगुती मांजरांनाही खानदानी मांजरांच्या तोडीच्या पदव्या देण्याची पद्धत पाडली, हे फार उचित झाले.

मुंबई-पुण्यासारख्या आपल्या शहरांतही आता मांजरांची प्रदर्शने भरू लागली आहेत, तेव्हा वाचकांपैकी कोणास तेथे जाण्याचा योग येईल. गेलात तर पिंजऱ्यात बोट घालू नका. एका मांजराचा रोग दुसऱ्याला न्यायला तेवढे पुरते. परीक्षकाच्या मेजाजवळ जागा धरून उभे राहा आणि त्याच्या हातांकडे लक्ष द्या. घरी नेण्यासाठी पिल्लू पाहावयाचे असेल तर त्याच्या आईबापांच्या फिती किती, हे विचारण्याआधी ती दोघे नाकाने स्वच्छ श्वास घेतात काय आणि न लंगडता चालतात काय, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्या.